ती घात, तो घात

२०२३च्या जुलैमध्ये अण्णांनी मला फोनवर एकच प्रश्न विचारला होता. “व्हय गं, टिकंल का?”

मी पुण्यात, पीजीच्या गॅलरीत. ते सांगोल्याजवळ, आमच्या रानात. दोन दिवस बरा पाऊस झाला होता. मी ॲप उघडलं. पुढच्या दहाही दिवसांपुढे ढग, आणि ढगाखाली थेंब. मी म्हटलं, “पाऊस दाखवतंय अण्णा, पेरा.”

त्यांनी बाजरी पेरली. उगवलीही चांगली. मग ऑगस्ट आला. १९०१पासूनच्या नोंदींमधला देशाचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. ॲपवरचे थेंब रोज एकेक दिवस पुढे सरकत राहिले आणि बाजरी उभ्या जागी करपली. ऑक्टोबरच्या शेवटी राज्य सरकारने ४० तालुक्यांमध्ये दुष्काळ जाहीर केला, त्यात सांगोला तालुका होता.

अण्णा मला त्यावरून कधी काही बोलले नाहीत. पण त्यांनी विचारलं एक आणि मी उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं, हे मला फार उशिरा कळलं. ‘पडेल का’ असं त्यांनी विचारलंच नव्हतं. पडून गेला होता की. ते विचारत होते, टिकेल का.

मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. माझी चूक मला कळल्यावर मी सवयीने पुस्तकांकडे गेले, आणि लक्षात आलं की ही चूक माझ्या एकटीची नाही. आपल्या पावसाच्या लेखनातही ती जुनीच आहे.

*

सांगोला म्हटलं की तुम्हाला २०२२चं ‘काय झाडी, काय डोंगार’ आठवेल. आठवू द्या. दुसऱ्यांची झाडी बघून हरखणारा माणूस कुठल्या गावाकडचा असतो, तेवढं त्या वाक्यामागे ऐकलं तरी पुरे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा तालुका. जूनचा पाऊस इथे हजेरी लावून जातो. खरा भरवसा सप्टेंबर-ऑक्टोबरवर, उत्तरा आणि हस्तावर, म्हणजे परतीच्या पावसावर. शेजारच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जी मालदांडी ज्वारी होते, ती पेरायची पाऊस संपत आल्यावर. पुढचे चार महिने तिला वरून फारसं काही मिळत नाही. जमिनीने जे धरून ठेवलं असेल त्यावर ती वाढते, कणसं धरते, हुरड्याला येते. आमच्याकडे पीक पावसावर येत नाही, पावसाच्या शिलकीवर येतं, असं म्हटलं तरी चालेल.

माझी एक मैत्रीण अमेरिकेत मिनेसोटात असते. एकदा ऑक्टोबरमध्येच तिच्याकडे बर्फ पडायला लागला आणि तिने व्हिडिओ पाठवला. मी खूश होऊन बदाम पाठवले. ती म्हणाली, इथं कुणी ‘बर्फ पडला’ म्हणून नाचत नाही, सगळे एकच विचारतात, हा टिकणार का? पहिल्या बर्फाच्या वेळी जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. पाकळी टेकली की विरघळते. गवत आणि गाड्यांची टपं आधी पांढरी होतात, रस्ता काळाच राहतो. विरघळण्याच्या वेगापेक्षा पडण्याचा वेग जास्त झाला, किंवा रात्रीत जमीन पुरेशी थंड झाली, तरच थर साचतो. म्हणून तिथली जुनी माणसं आभाळापेक्षा जमिनीचा विचार आधी करतात.

मला अण्णा आठवले. आमच्याकडे बर्फ नाही, पण पहिल्या पावसाचं गणित तेच. उन्हाळाभर तापलेल्या रानावर पंधरा-वीस मिनिटांची सर येते आणि अर्ध्या तासात जमीन वाफ सोडून पुन्हा कोरडी. मुरमाड माळ असेल तर पाणी वाहून किंवा खाली निघून जातं, खोल काळी जमीन असेल तर ती भेगांमधून पाणी पिऊन घेते आणि आठवडेच्या आठवडे सोडत नाही. पडणं आभाळाच्या हातात, टिकणं जमिनीच्या. अंदाज मात्र आपण सगळे आभाळाचाच बघतो.

*

आता आपल्या साहित्याकडे वळू. मराठीत पावसावर जेवढं लिहिलं गेलंय तेवढं दुसऱ्या कुठल्या ऋतूवर नसेल. पण हा पाऊस बहुतेक वेळा पहिल्या थेंबाला सुरू होतो आणि पहिल्या सरीला संपतो. त्याला वास असतो. मृद्गंध. तुमच्या इन्स्टावर दर जूनला किमान दहा स्टोऱ्यांत हा शब्द येतो आणि त्याच्यासोबत खिडकी, चहा आणि एखादं जुनं गाणं.

या वासाबद्दल एक गंमत सांगते. त्याला इंग्रजीत पेट्रिकोर हे नाव १९६४मध्ये दोन शास्त्रज्ञांनी दिलं. पुढे २०१५मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी थेंब जमिनीवर आपटतानाचं अतिवेगवान चित्रण केलं. त्यात दिसलं की थेंबाखाली अडकलेली हवा बुडबुड्यांतून वर येते आणि फुटताना मातीचा अंश हवेत उडवते. हे जास्त घडतं ते हलक्या किंवा मध्यम सरीत. जोराच्या पावसात कमी. म्हणजे नाक भरून येतं ते बऱ्याचदा मुळापर्यंत न पोचणाऱ्या पावसाने. आपलं पावसाचं साहित्य ज्या पावसाच्या प्रेमात आहे, तो बहुतांशी न टिकणारा पाऊस आहे.

हा टोमणा नाही. वास खरा असतो, आनंदही खरा असतो. आमच्या रानातही पहिल्या सरीला सगळे अंगणात येतात. पण तिथे कुणी तेवढ्यावर थांबत नाही. आजी खुरपं घेऊन बांधाशी जायची, माती उकरायची आणि हात आत घालून बघायची. “वरवर हाय नुस्ती. वलीला वल लागली न्हाई.” वरून उतरलेली ओल खालच्या जुन्या ओलीला जाऊन भिडली नाही, मधे कोरडा थर राहिलाय, असं त्याचं मराठी. एवढ्या सात शब्दांत जी समीक्षा होती, तिच्या जवळपास जाणारा पाऊस मी वाचनात शोधत होते.

*

शोधताना अर्थात पहिल्यांदा ‘बनगरवाडी’कडे गेले. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यात. माणदेश तोच, माळ तोच. १९५५ची ही कादंबरी आहे. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर तरुण मास्तर येतो, शाळा सुरू करतो, गाव मिळून तालीम बांधतं, आणि शेवटी पाऊस दडी मारतो, मेंढरं मरतात, वाडी पांगते. कथानक एवढंच. माडगूळकर कुठेही आवाज चढवत नाहीत. दुष्काळ ते वजाबाकीने लिहितात. आधी चारा कमी होतो, मग मेंढरं, मग माणसं. शेवटी उरतो तो मास्तर, आणि आधी गजबजलेली जागा.

ही वजाबाकी मला आजही मराठीतली सगळ्यात प्रामाणिक वाटते. पण या वेळी वाचताना एक गोष्ट खटकली. सांगणारा मास्तर आहे. तो वाडीवर जीव लावतो, पण त्याची भाकर पावसावर अवलंबून नाही. त्याला पगार आहे, त्याची बदली होऊ शकते. त्यामुळे पाऊस न येण्याचं दुःख त्याला दिसतं, त्या आधीच्या दिवसांतला हिशेब मात्र त्याच्या आतून चालत नाही. आज निघायचं की आणखी आठवडा थांबायचं? हे ढग खरे की खोटे? हा सौदा कारभाऱ्याच्या, धनगराच्या डोक्यात चालतो आणि आपण बाहेर उभे असतो. मी पुण्यातल्या गॅलरीत उभी होते तशी. या कादंबरीला नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण तिच्यानंतर आपण माणदेश बराच काळ याच नजरेने बघत राहिलो, कळवळ्याने आणि थोडं बाहेरून, असं मला वाटतं.

तो हिशेब आत शिरून दाखवणारी कलाकृती मला पुस्तकात नाही, पडद्यावर सापडली. सतीश मन्वर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’, २००९. विदर्भातला कापूस पिकवणारा किसना, त्याची बायको अलका, आई, लहान मुलगा. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केलेली आहे. अलकाला धास्ती की आपला माणूसही तेच करेल, म्हणून ती घरच्यांना त्याच्यावर नजर ठेवायला लावते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांचं काम तुम्ही पाहिलं नसेल तर पाहा.

या सिनेमाची खरी पकड अशी की यात दोन पहारे एकाच वेळी चालू असतात. किसना आभाळावर पहारा देतोय आणि घर किसनावर. पेरलेलं उगवेल का, आणि हा माणूस टिकेल का, हे दोन प्रश्न दिग्दर्शक वेगळे ठेवतच नाही. आणि हे सगळं तो विनोदाच्या अंगाने नेतो. पुरणपोळीच्या ताटाकडे बघूनसुद्धा आपण हसतो आणि लगेच घाबरतो. इथे पाऊस येणं हा सुटकेचा प्रसंग नाही. पाऊस आल्यावरच खरी परीक्षा सुरू होते. ‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडी शिवी. आल्या पावसाला शिवी द्यावी लागते, हे ज्याला नावातच कळलं, त्याला कोरडवाहू शेती कळली.

*

तुम्ही म्हणाल, साहित्य राहू दे, अंदाज सांगणाऱ्या आपल्या परंपरा तरी आहेतच. आहेत. पंचांगातल्या नक्षत्रांना वाहनं असतात, मृगाला यंदा कोल्हा की म्हैस यावर पारावर चर्चा रंगते. बुलढाण्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराच्या वागण्यावरून पावसाची भाकणूक करतात. हा मौखिक साहित्याचाच प्रकार मानायला हवा, आणि त्यात मोठं नाट्य आहे. पण भाकणूकही आभाळाबद्दलच बोलते. पाऊस किती, कुठे, कधी. ती इतकी मोघम असते की उरलेला अर्थ ऐकणाराच भरतो.

माझं ॲप याच जातकुळीतलं निघालं. ७० टक्के हा आकडा दिसायला शास्त्रीय. पण तो पाऊस पडण्याच्या शक्यतेचा असतो. किती मुरेल, किती दिवस राहील, हे त्या ढगाच्या चित्राला माहीतच नसतं. मी ते वासराच्या भाकणुकीसारखं वाचलं आणि हवा तो अर्थ भरला. दोष वासराचा नाही, ॲपचाही नाही. वाचणारीचा.

याउलट कोरड्या वाटणाऱ्या लेखनात मला तो प्रश्न सापडला. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ८० ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. कोरडवाहू शेतीवर सोलापुरात १९३३पासून संशोधन सुरू झालं, बांधबंदिस्ती करा, बी विरळ पेरा, कोळपणी करून ओल राखा, असं सांगणारं. वाङ्मय म्हणून हे कुणी वाचत नाही. पण त्याची नजर खाली, जमिनीकडे आहे.

*

आणि शब्द? ते तर आपल्याकडे केव्हाचे पडून आहेत. ओल. वापसा, म्हणजे जास्तीचं पाणी निचरून जमीन पुन्हा पाय ठेवण्याजोगी होणं. माती मुठीत वळली तर गोळा व्हावा आणि सोडली तर फुटावा, ती अवस्था. आणि त्याच अवस्थेला आमच्याकडचा शब्द आहे घात. “घात आलीया, उद्या पेरायचं.” “घात गेली, आता काय उपेग.”

ही घात स्त्रीलिंगी. पुल्लिंगी घात तुम्हाला माहीतच आहे. तो होतो, तो केला जातो. ती घात दोन-चार दिवस राहते. तेवढ्यात ओळखली तर वर्ष निघतं, चुकली तर तोच घात. लिंग बदलायला एक आठवडा पुरतो. मला वाटतं, आमच्या भागाची कादंबरी कधी लिहिली गेली तर ती या दोन शब्दांच्या मधल्या दिवसांत घडेल. पावसाच्या आधी नाही, दुष्काळाच्या नंतर नाही. पाऊस पडून गेलाय, आभाळ उघडलंय, आणि बी घरात आहे, त्या दिवसांत.

२०२५मध्ये मॉन्सून केरळात २४ मेलाच आला आणि दोन दिवसांत मुंबईत. बारामती-फलटणकडे मे महिन्यातच पाणी घरांत शिरलं. अण्णांचा फोन आला. “व्हय गं, लय लवकर आला ह्यो. टिकंल का?”

या वेळी मी ॲप उघडलं नाही. विचारलं, “अण्णा, वल किती गेलीय?”

ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “थांब, बघतो.” तासाभराने व्हॉट्सॲपवर फोटो आला. उकरलेला खड्डा आणि मापाला आत उभा धरलेला त्यांचा पंजा. वरचा थर काळाभोर, त्याखाली फिकट पट्टा, आणि तळाशी पुन्हा काळी माती. दोन ओली एकमेकींना अजून भिडल्या नव्हत्या.

आम्ही थांबलो. पुढे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मॉन्सून रेंगाळला. म्हणून आम्ही शहाणे ठरलो असं मात्र नाही. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस जिल्ह्यात सीना-भीमेला पूर आले आणि काळ्या रानांत वापसाच होईना, ज्वारीची पेरणी लांबली. टिकणं जास्त झालं तरी घातच.

तो फोटो मी फोनमध्ये ठेवलाय. पावसावरचं नवं काही वाचायला घेतलं की आधी तो उघडते. लिहिणाऱ्याने एकदा तरी खाली वाकून माती उकरलीय का, तेवढंच मला बघायचं असतं.