किनार वाचता आली पाहिजे

जानेवारी 2019 मध्ये 92वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळ येथे भरले आणि त्याचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरीभगिनीने केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीला तो मान मिळाला, ही गोष्ट उचितच झाली. कापूस पिकवणाऱ्याचे दुःख मराठी साहित्याने आपले मानले आहे. मात्र त्याच कापसाचे वस्त्र करणारा विणकर आमच्या साहित्यात कोठे आहे, हा प्रश्न आम्हांस पडतो.

संतमंडळीत नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार आहेत. विणकर म्हणून चटकन आठवतो तो काशीचा कबीर. आधुनिक लेखनात 'कथेची वीण', 'आठवणींचे धागे' अशी रूपके विपुल आहेत. माग रूपकापुरता उरला; मागावरचा माणूस निसटला.

यवतमाळच्या इतिहासातही हीच तुटी दिसते. मूर्तिजापूर-यवतमाळ ही 'शकुंतला' नावाने ओळखली गेलेली अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे विलायतेतील गिरण्यांकडे पोचावा, म्हणून सुरू झाली. ती आता बंद पडली आहे. पण कापूस आपला आणि वस्त्र परके, ही सवय मागे राहिली.

विदर्भाची विणकला पाहायची, तर यवतमाळहून पूर्वेकडे नागपूर-भंडारा भागात जावे लागते. तेथील करवती किनारीची साडी ही आमच्या मते काव्याइतकीच समीक्षेस पात्र असलेली कलाकृती आहे. ऐन आणि अर्जुन या झाडांवर ढिवर समाजातील माणसे कोसा जोपासतात. त्याच्या टसर धाग्याने साडीचे अंग विणले जाते. किनार सुती असते. अंगासाठी एक आणि दोन्ही काठांसाठी दोन, असे तीन धोटे चालतात. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा जेथे एकमेकांत गुंततात, तेथे करवतीचे दाते उमटतात. टसराचा मंद सोनेरी रंग आणि काठाचा ठाशीव रंग शेजारी राहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. उत्तम रचनेत आपण जो संयम शोधतो, तो येथे आहे.

नक्कल ओळखण्याची खूणही याच रचनेत आहे. यंत्रमागावर सामान्यतः एकच बाणा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, म्हणून काठाचा रंग फिकट, मिश्र दिसतो. 1985 च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले. पुढे 22 वाणांची ती यादी 11 वर आली. पण ग्राहकालाच फरक कळत नसेल, तर कायदा दुबळाच ठरणार.

म्हणूनच 'बिचाऱ्या विणकरांना मदत करा' या आवाहनावर आमचा आक्षेप आहे. दयेपोटी माणूस एकदा खरेदी करतो. गुण कळला, तर पुन्हा येतो. दया भावात सूट मागते. रसिकता श्रमाचे मोल देते. संत पौल तंबू करण्याचा व्यवसाय करीत होता. करिंथ येथे तो अक्विला व प्रिस्किल्ला या समव्यावसायिक दांपत्याबरोबर राहिला व राबला. त्याने हातच्या कामावर गुजराण केली. त्या कामात त्याला कमीपणा वाटला नाही. मागावर बसणाऱ्यासही तोच मान हवा.

वसईतील आमच्या आज्यांना लुगड्याचा पोत बोटांनी कळत असे. ती जाण आम्ही गमावली आहे. लग्नाची साडी घेताना, वेदीसाठी वस्त्र निवडताना कापड उलटून पाहावे, काठ निरखावा, ते कोणी व कोठे विणले हे दुकानदारास विचारावे. लेखकांनीही विणकराकडे रूपकासाठी न जाता त्याची भाषा, त्याचे हिशेब, त्याच्या घरातील बाईचे न मोजलेले कष्ट ऐकण्यासाठी जावे. यवतमाळच्या व्यासपीठाने कापसाच्या शेतातील बाईला बोलते केले. मागाशेजारी कांड्या भरणाऱ्या बाईचे बोलणे मराठीत यायचे अजून बाकी आहे.