तोफ दिसते, तोफखाना दिसत नाही

युद्धखेळांच्या पटावर तोफ म्हणजे बहुधा दोनच आकडे: पल्ला आणि मारा. गोळा इतक्या घरांपर्यंत पोचतो, अमुक फासा पडला की समोरची सोंगटी उडते. संगणकावरच्या खेळांत हे आकडे झाकलेले असतात आणि वर धूर नि आवाज असतो, एवढाच काय तो फरक. प्रत्यक्ष रणात मात्र तोफखान्याचे बरेवाईट निराळ्याच प्रश्नांवर ठरत आले आहे. मारा कुठे करायचा हे कोण सांगणार? ते तोफेपर्यंत किती वेळात पोचणार? ओढणारे बैल मेले तर तोफ पुढे कशी न्यायची? मध्येच आडवी आलेली पागा आपली की परकी? हे प्रश्न जो खेळ खेळणाऱ्याच्या गळ्यात बांधतो, तो तोफखान्याचा खेळ. बाकीचे नुसते बार काढतात.

ही कसोटी समजून घ्यायला मराठवाड्यातल्या वाचकाला लांब जायला नको. भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची गाठ इथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी पडली. मराठ्यांकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या, वेलस्लीकडे विसाच्या घरात. महादजी शिंद्यांच्या काळात द बॉयन या युरोपीय सेनानीने उभ्या केलेल्या कवायती कंपूंचा हा वारसा होता: पायदळाच्या जोडीला कायमच्या तोफा, त्यांचे बैल, त्यांचे शिकलेले गोलंदाज आणि पाठीशी आग्र्याचा तोफा ओतण्याचा कारखाना. वेलस्ली नदी उतरून बगलेवर आला, तेव्हा कंपूचा हॅनोवरी सेनानी पोलमन याने अख्खी रांग फिरवून तोफांची तोंडे त्याच्याकडे केली. कवायतीत मुरलेल्या फौजेलाच जमावे असे हे काम. इंग्रजांचे गोलंदाज आणि तोफांचे बैल थोड्याच वेळात इतके पडले की वेलस्लीला तोफा मागे टाकून पायदळ पुढे काढावे लागले. वाट चुकून असई गावाच्या रोखाने गेलेली ७४वी हायलँडर पलटण तर जवळजवळ कापली गेली.

शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. संगिनी अंगावर येईतो ते बार काढत राहिले. शत्रूची रांग पुढे सरकल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही जण उठले आणि त्याच तोफांनी इंग्रजांच्या पाठीवर मारा करू लागले. त्या तोफा पुन्हा घेण्यासाठी वेलस्लीला ७८वी हायलँडर आणि मद्रासचे ७वे घोडदळ घेऊन स्वतः माघारी यावे लागले. इंग्रजांकडची दीड हजारांहून जास्त माणसे मेली वा जखमी झाली. तरीही संध्याकाळी ९८ तोफा त्यांच्या हाती होत्या. उणीव तोफांत नव्हती, गोलंदाजांतही नव्हती. पश्चिमेला उभी असलेली शिंदे-भोसल्यांची बहुतेक पागा लढाईत उतरलीच नाही. तोफांनी शत्रूची रांग विस्कटल्यावर तिच्यावर जोमाने घोडे घालायला कुणी नव्हते.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी याच्या उलटा घोटाळा झाला. उदगीरला निजामाची फौज जेरीस आणणारा इब्राहिमखान गारदी तिथे डाव्या बगलेवर होता. गोल बांधून, तोफांच्या आश्रयाने एकत्र लढायचे ठरले होते. पण शेजारच्या विंचूरकर-गायकवाडांच्या स्वारांनी गोल मोडून घोडी पुढे घातली. असईला बहुतेक पागा आलीच नाही, पानिपतावर ती नको तेव्हा गेली. दोन्हीकडे तोफा चांगल्या होत्या आणि बाकीच्या फौजेशी त्यांचा मेळ बसला नाही.

आता पटाकडे वळू. युद्धखेळांचा आधुनिक जनक रायसविट्झ हा प्रशियाच्या तोफखान्यातला लेफ्टनंट होता. १८२४ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या ‘क्रीगश्पील’मध्ये नकाशा होता, दोन मिनिटांची एक चाल होती, आणि पल्ल्यानुसार तोफेने किती माणसे पडतात याचे तक्ते होते. पण त्याची खरी करामत तक्त्यांत नव्हती. खेळाडूने हुकूम लिहून पंचाकडे द्यायचा आणि तो घेऊन स्वार पोचायला जितका वेळ लागेल, तितका वेळ पंचाने जाऊ द्यायचा. म्हणजे तोफ खेळाडूच्या बोटाला बांधलेली राहिली नाही. तोफखान्यातल्या माणसाने केलेला पहिलाच खेळ या बाबतीत नंतरच्या शंभर खेळांपेक्षा शहाणा निघाला.

एच. जी. वेल्सच्या १९१३च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये खेळण्यातली स्प्रिंगची तोफ खरोखरच लाकडी गोळी मारून शिसाचे सैनिक पाडते. सारा खेळ नेमबाजीचा. तरी त्यात एक मार्मिक नियम आहे: तोफेजवळ किमान चार सैनिक नसतील, तर ती हलवताही येत नाही आणि डागताही येत नाही. तोफेला माणसे लागतात, एवढे तरी वेल्सने ओळखले होते.

विसाव्या शतकात तोफ डोंगराआड गेली आणि गोलंदाजाला शत्रू दिसेनासा झाला. पुढे बसलेला निरीक्षक अधिकारी डोळे झाला, टेलिफोन आणि रेडिओ नसा झाले. इथून सैन्यांच्या पद्धती फाकल्या. ब्रिटिशांनी अनुभवी अधिकारी पुढे पाठवला आणि त्याला हुकमाचा अधिकार दिला. त्याने ‘माईक टार्गेट’ म्हटले की रेजिमेंटच्या चोवीसही तोफा एका जागी बरसत, ‘अंकल’ म्हटले की सगळ्या डिव्हिजनच्या. अमेरिकनांनी अक्कल मागे ठेवली. पुढचा निरीक्षक मागणी करी आणि मागचे गणित-केंद्र ठरवी की कोणत्या तोफा द्यायच्या. सोव्हिएत सैन्याकडे तोफा अफाट होत्या, पण त्यांचा मारा मुख्यतः आधी आखलेला असे. आयत्या वेळी दिशा बदलणे त्यांना जड जाई. आपल्या सैन्याने ब्रिटिशांची घडी घेतली. नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना विद्यालयात आजही गोलंदाज अधिकारी तयार होतात आणि लढाईत बॅटरीचा निरीक्षक (ओपी) अधिकारी पायदळाबरोबर चढतो. १९९९मध्ये कारगिलला अडीच लाखांच्या आसपास गोळे-रॉकेटे खर्ची पडली. त्या माऱ्याला डोळे दिले ते या पुढे गेलेल्या अधिकाऱ्यांनी.

हा फरक पटावर आणण्याचा सर्वांत धीट प्रयत्न १९८५च्या ‘ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’मध्ये दिसतो. त्यात मारा मागवणे हा स्वतंत्र सोपस्कार आहे. आधी फासा टाकून रेडिओ लागतो का ते पाहायचे. लागला तर चकत्यांच्या गठ्ठ्यातून एक ओढायची. काळी आली तर तोफखाना तुमचा, लाल आली तर नकार, आणि दुसरी लाल आली की त्या तोफखान्याचा नादच सोडायचा. काळी आल्यावरही आधी अंदाजाचा एक गोळा पडतो, तोही भलतीकडे जाऊ शकतो. मग दुरुस्ती, आणि शेवटी खरा मारा. तोवर ज्या घरावर तो हवा होता, ते घर शत्रूने सोडलेले असते. नियमांचे हे जंजाळ किचकट आहे, पण खेळाडूला निरीक्षकाची हतबलता कळते. त्याची उणीव अशी की नकार का आला हे चकती सांगत नाही. तोफा दुसऱ्या कुणाच्या मदतीला लागल्या होत्या की दारूगोळा संपला? कारणाच्या जागी नशीब बसवले की खेळ सुटसुटीत होतो, पण तोफखान्याची रचना पुन्हा झाकली जाते.

संगणकावर ‘कॉम्बॅट मिशन’ मालिकेने २०००पासून दुसरी वाट धरली. मारा मागवला की घड्याळ लागते, आणि सैन्य नि काळ बदलला की वाट पाहण्याची मिनिटे बदलतात. पूर्व आघाडीवरच्या भागात रशियन निरीक्षकाची मिनिटे जीव काढतात, ते योग्यच आहे. पण ती मिनिटे पडद्यावर आधीच लिहिलेली असतात. खऱ्या निरीक्षकाला एवढी खात्री कुणी दिली होती?

हिंदुस्थान दाखवणाऱ्या खेळांत मात्र निराशा पदरी येते. ‘एज ऑफ एम्पायर्स ३’च्या २००७मधल्या ‘एशियन डायनॅस्टीज’मध्ये हिंदी तोफ म्हणजे तोफ लादलेला हत्ती. गजनाळा होत्या, नाही असे नाही. पण असईवर वेलस्लीला घाम फोडला तो बैलांनी ओढलेल्या कवायती तोफांनी. २००९च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठे स्वतंत्र सत्ता म्हणून खेळता येतात, हे अप्रूपच. तोफांचा गोळा आपल्याच माणसांनाही लागतो, हेही खरे. पण सगळ्या तोफा, सगळी पागा एका माउसच्या टिचकीवर हलतात. तिथे शिंदे-भोसल्यांची पागा रेंगाळत नाही आणि विंचूरकर गोल मोडत नाहीत. ज्या कारणाने मराठे हरले, तेच खेळातून गायब.

मूठभर इंग्रजांना जिंकवायचे म्हणून नियमावलीत मराठी गोलंदाजांना दुय्यम दर्जा देणे हा सोपा आणि खोटा उपाय. असईचा प्रामाणिक पट करणाऱ्याने तोफांचे आकडे मराठ्यांच्या बाजूने भक्कम ठेवावेत आणि अडचण हुकमाच्या साखळीत घालावी: पागेचा हुकूम शिंदे-भोसल्यांच्या नावाने वेगळा निघावा आणि तो मानला जाईलच याचा भरवसा नसावा, बैल पडले की तोफ जागची हलू नये, जिंकलेल्या तोफेवर पहारा ठेवला नाही तर ती पाठीत उडावी. मराठीत असा पट माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे किल्ल्यांवर तोफांची कमतरता नाही. दौलताबादच्या बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची मेंढा तोफ चारी दिशांना फिरण्याच्या सोयीसह अजून आहे आणि तिच्याजवळ फोटो काढणाऱ्यांची गर्दीही. ती फिरवायला किती माणसे लागत, दारू कोठून येई आणि डागण्याचा हुकूम कोण देई, हे त्या गर्दीतल्या पोराला वाड्याच्या ओसरीवर मांडलेला एखादा पट सहज शिकवू शकेल. साहित्य पुठ्ठा, फासे आणि नकाशा एवढेच. इतिहास वाचलेला एक हट्टी माणूस मात्र हवा.