मोबाईल वापसी हाही फीडबॅकच होता

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले स्मार्टफोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. ‘मोबाईल वापसी’ हे त्या आंदोलनाचं नाव. तुमच्यापैकी काहींनी तेव्हा इकडे बसून ती बातमी पाहिली असेल आणि अंगणवाडीचं आणखी एक आंदोलन म्हणून अंगठ्याने वर सरकवून दिली असेल. ती जरा परत खाली आणा. सामाजिक जबाबदारीचं तंत्रज्ञान, वापरकर्त्यांचा सहभाग या विषयांवर आमच्यासारखे संशोधक पानंच्या पानं लिहितात. त्यातल्या बऱ्याच पानांपेक्षा नेमकी समीक्षा त्या परत केलेल्या फोनांमध्ये होती.

तक्रारी काय होत्या ते पाहा. फोन २०१९ मध्ये वाटलेले, दोन जीबी रॅमचे. ॲप जड होत गेलं तसे ते तापायला आणि अडकायला लागले. वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा हजारो रुपयांचा खर्च सेविकेच्या अंगावर पडू लागला. तेव्हा तिचं महिन्याचं मानधन होतं साडेआठ हजारांच्या आसपास. त्यात १ मार्च २०२१ ला केंद्र सरकारने नवं ॲप आणलं, ‘पोषण ट्रॅकर’, आणि ते इंग्रजीत. बाळांची, गरोदर बायकांची, स्तनदा मातांची नावं इंग्रजीत भरायची.

मराठी नाव इंग्रजीत भरणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ज्ञानेश्वर ‘डी’ने सुरू होतो की ‘जी’ने, ‘ळ’चं काय करायचं, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आणि ते फॉर्मवर नक्की कुठल्या चौकटीत जातं, यावर डीएमव्हीच्या खिडकीशी आपण सगळ्यांनी घाम गाळलेला आहे. पण तुमच्यापुढे नाव एकच असतं, तुमचं स्वतःचं. तिच्यापुढे वस्तीतली सगळी लहान मुलं असतात, आणि आधार कार्डावर भलत्याच कोणीतरी भलतंच स्पेलिंग घातलेलं असतं.

यातली एकही गोष्ट गूढ नाही. एका अंगणवाडीत एक सकाळ काढली असती तर सगळ्या कळल्या असत्या. म्हणून ‘वापरकर्त्यांना विचारलं नाही’ एवढ्यावर ही समीक्षा थांबवायचा मोह होतो. मला ते पुरेसं वाटत नाही. या ॲपचा वापरकर्ता नक्की कोण, हा आधीचा प्रश्न आहे.

ॲप एखाद्या पुस्तकासारखं वाचून पाहा. ते सेविकेला काय विचारतं? अंगणवाडी आज उघडली का, मुलं किती आली, वजन किती, उंची किती, आहार कोणाला दिला. ते तिला परत काय देतं? थोडंफार देतं, हे मान्य करायला हवं: वजन-उंचीवरून मूल कोणत्या श्रेणीत बसतं ते ॲप सांगतं, तक्त्यावर बोट फिरवावं लागत नाही. पण बाकीचा सगळा ओघ वरच्या दिशेने, पर्यवेक्षिका, प्रकल्प अधिकारी, जिल्हा, राज्य आणि शेवटी दिल्लीतला डॅशबोर्ड. ॲप बनवलं आहे त्या डॅशबोर्डापुढे बसणाऱ्यासाठी. सेविका त्याची डेटा एंट्री करते. आहार घेणाऱ्या आईला तर इथे ‘लाभार्थी’ म्हणतात, म्हणजे ती वापरकर्त्यांच्या यादीतही नाही. शब्दांकडे लक्ष असू द्या: काम करणारी ‘सेविका’, तिचा पगार ‘मानधन’. हजेरीची वेळ आली की ती कर्मचारी, पगाराची वेळ आली की मानसेवी. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं.

आता आमच्या क्षेत्राकडे. इकडच्या विद्यापीठांत ‘सहभागी डिझाइन’ शिकवतात तेव्हा गोष्ट नॉर्वेपासून सुरू होते. सिम्युला ही संगणकभाषा घडवणाऱ्या दोघांपैकी एक, क्रिस्टेन न्यूगोर, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम करू लागला. त्याने कामगारांना तयार स्क्रीन दाखवून ‘आवडली का?’ असं विचारलं नाही. कारखान्यात येणाऱ्या संगणकप्रणालीबद्दल युनियनला स्वतःचं मत बनवता यावं, वाटाघाट करता यावी, म्हणून तो राबला. त्यातून ‘डेटा करार’ आले: नवी प्रणाली आणण्याआधी माहिती देणं बंधनकारक, आणि कामगारांचा निवडलेला प्रतिनिधी वाटाघाटीला. आज हीच परंपरा सांगणारे आपण काय करतो? पंचेचाळीस मिनिटांची मुलाखत, एक गिफ्ट कार्ड, भिंतीवर रंगीत चिकटचिठ्ठ्या, आणि ‘सुनीता, वय ३४, ग्रामीण’ असं एक काल्पनिक पात्र. अनुदानाच्या अर्जात हा मजकूर फार देखणा दिसतो. युनियन मात्र गोष्टीतून गळली आणि तिच्याबरोबर नाही म्हणण्याची ताकदही.

सेविकांकडे ती ताकद होती, कारण त्यांच्या संघटना होत्या आणि त्या संघटनांची कृती समिती होती. त्यांनी तंत्रज्ञान नाकारलं असंही नाही. आधी हेच फोन त्यांनी दोन वर्षं वापरले होते. मागणी होती चांगला फोन द्या, ॲप मराठीत द्या. तोवर माहिती कागदावर देऊ. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या तेव्हाही मानधनवाढीच्या जोडीला नव्या फोनची मागणी होतीच. त्यानंतर सेविकांचं मानधन दहा हजार झालं. पोषण ट्रॅकर आता २४ भाषांत आहे असं मंत्रालय सांगतं. भाषांतराच्या या कामाचं श्रेय कुठल्या यूजर टेस्टिंगला द्यायचं, ते तुम्हीच ठरवा.

‘हे भारतात चालतं, इथे कंपन्यांपुढे कोणाचं काय चालणार’ असं वाटत असेल, तर मी राहते त्या जर्सी सिटीचंच उदाहरण घ्या. इथे २०१५ मध्ये एअरबीएनबीला महापौरांनी मोकळ्या मनाने आत घेतलं. मग इमारतींमधली घरं हळूहळू हॉटेलं होऊ लागली आणि जून २०१९ मध्ये नगर परिषदेने नियम कडक केले: मालक तिथे राहत नसेल तर वर्षाला ६० रात्रींची मर्यादा, भाडेकरूंनी परस्पर घर लावायला बंदी. कंपनीने सह्या गोळा करून सार्वमत घ्यायला लावलं आणि प्रचारावर लाखो डॉलर ओतले. ५ नोव्हेंबर २०१९ ला मतदान झालं आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक नियमांच्या बाजूने उभे राहिले. यात मला रस आहे तो एका गोष्टीसाठी. ॲपच्या हिशेबात वापरकर्ते दोनच, घर देणारा आणि घर घेणारा. जिन्यात रोज नव्या माणसांच्या बॅगा ओलांडणारा शेजारी कुठल्याच स्क्रीनवर नव्हता. मत मात्र त्याला होतं.

तुमच्यातले बरेच जण पाथ ट्रेनने पलीकडे जाऊन किंवा इथेच न्यूपोर्ट, एक्स्चेंज प्लेसच्या टॉवरांमध्ये बसून असल्याच प्रणाली बांधतात. त्यांना ‘मीटिंगमध्ये आवाज उठवा’ असा उपदेश करणारे लेख मला खोटे वाटतात. एच-वन-बीवर असलेल्या माणसाची नोकरी गेली की हातात साठ दिवस असतात, त्यात आवाज किती उठणार? पण टिकेटवर ‘यूजर’ हा शब्द येतो तेव्हा तो कोणासाठी लिहिलाय, हे विचारायला व्हिसा आड येत नाही. तपशील भरणारी एक, तो पाहणारा दुसरा आणि ज्याच्याबद्दल तो आहे तो तिसरा, अशी तीन माणसं त्या एका शब्दात कोंबलेली असतात. ती वेगवेगळी लिहिली तरी अर्धं भांडण उघड्यावर येतं.

पोषण ट्रॅकरमध्ये ते भांडण संपलेलं नाही. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देण्याआधी चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. लाभार्थीची आधारवरून पडताळणी, मोबाईलवर ओटीपी, मग कॅमेऱ्यासमोर चेहरा. सरकारचं कारण गळती रोखण्याचं आहे, आणि आहाराच्या वाटपात गळती नाही असं कोणी म्हणणार नाही. पण बीडमधल्या एखाद्या तांड्यावरचा विचार करा. घरात मोबाईल एक, आणि तो घेऊन नवरा ऊसतोडीला गेलेला. ओटीपी येतो तो फडात. इथे तापलेला फोन परत करणारी सेविका नाही. दारात बाळ कडेवर घेतलेली आई आहे, आणि तिच्याकडे परत करायला आहाराच्या पाकिटाशिवाय काहीच नाही. तिची संघटना नाही. नकार मिळाला तर तो तिला मिळतो, आणि तो तोंडाने सांगावा लागतो सेविकेलाच, जिला ती रोज पाणवठ्यावर भेटते आणि चेहऱ्याने चांगली ओळखते.