तबकडीबाहेरचे पलुस्कर

ख्यालगायक दत्तात्रेय विष्णू पलुस्कर १९२१ साली जन्मले आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. दीर्घ मुद्रणाच्या तबकड्या भारतात रुळल्या त्या नंतर. त्यांच्या हयातीतल्या तबकडीवर गाणं मावे तीन-साडेतीन मिनिटांचं. त्यांच्या ख्यालाची बढत ऐकायची, तर आज मुख्य आधार रेडिओवरच्या ध्वनिमुद्रणांचाच.

तरीही त्यांच्याविषयी लिहिताना आपण तबकडीतलेच गुण मोजतो: गोडवा, नेमकेपणा, भजनातली आर्तता. गुण खरेच आहेत, पण तीन मिनिटांत नेमकं व्हावंच लागतं. वेळ हाती असताना गायक काय करतो, ही खरी कसोटी. रेडिओवरचे पलुस्कर बंदिश सावकाश मांडतात, आलापात घाई करत नाहीत, तान वेगात आली तरी सूर पुसट होऊ देत नाहीत. विनायकराव पटवर्धनांकडची ग्वाल्हेरची तालीम तिथे दिसते. त्या तालमीतला जोरकसपणा त्यांनी जाणीवपूर्वक मवाळ केला, असं माझं मत आहे, आणि ते तबकडी ऐकून बनलेलं नाही.

रेडिओचं गाणं म्हणजे मैफल मात्र नव्हे. १९४० पासून कितीतरी वर्षं रेडिओवर पेटीला मज्जाव होता. समोर श्रोते नाहीत, दाद नाही, भिंतीवर घड्याळ. पलुस्करांच्या शांत वृत्तीला हे मानवलं. आमच्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरच्या वसंतराव देशपांड्यांचं गाणं समोरच्याशी बोलत फुलायचं. स्टुडिओत ते मला थोडं आवरलेलं वाटतं. दोघांना एकाच मापाने मोजू नये.

वऱ्हाडातल्याच बुलढाणा जिल्ह्याने तबकडीची ताकद पाहिली आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवरून मराठी घराघरांत गेली. पण रागसंगीताची मैफल खामगाव-चिखलीच्या श्रोत्यापासून लांबच राहिली. १९४८ साली आकाशवाणीचं नागपूर केंद्र आलं, १९५२ पासून शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागू लागला, आणि रेडिओ हीच इथली मैफल झाली.

रेडिओवरचं गाणं जपायचं कसं, यासाठी बीटल्स या इंग्लिश बँडचं उदाहरण उपयोगी आहे. १९६२ ते १९६५ या काळात बीबीसीवरून त्यांची ८८ गाणी एकूण २७५ वेळा वाजली. त्यांतली ३६ त्यांच्या तेव्हाच्या कोणत्याही तबकडीवर नव्हती. बीबीसीने बऱ्याच फिती जपल्याच नाहीत. १९९४ साली या रेडिओवरच्या गाण्यांचा संच निघाला, तेव्हा काही गाणी श्रोत्यांनी घरी करून ठेवलेल्या मुद्रणांतून मिळवावी लागली. पण संच निघाला तो प्रसारणाच्या तारखांसह, म्हणून तबकडीतल्या बीटल्सशेजारी ते ठेवून अभ्यास करता येतो. पलुस्करांची रेडिओवरची गाणी आज इंटरनेटवर हातोहात फिरतात, पण पुष्कळदा तारीख नाही, केंद्र नाही, तबल्यावर कोण होतं तेही नाही. त्यामुळे कोणता राग आधीचा, कोणता शेवटच्या वर्षांतला, हे लावता येत नाही. आकाशवाणीच्या नोंदी आणि जुन्या श्रोत्यांच्या कॅसेटी एकत्र तपासल्या, तर निदान या एका गायकाच्या शेवटच्या दहा वर्षांचा क्रम लावता येईल.