काळोखावर थांबणारं स्तोत्र

मावशी गेल्यानंतरच्या प्रार्थनासभेत पाळकांनी स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र वाचलं. निवड धाडसाची होती. पण शेवटचं वचन संपताच त्यांनी घाईने पानं उलटली, पुनरुत्थानाचं एक वचन काढलं आणि पुढची वीस मिनिटं आशेवर उपदेश झाला. वाचन चालू असताना मावसभावाने एकदा मान वर केली होती. उपदेश सुरू झाल्यावर ती पुन्हा खाली गेली.

पाळकांची अडचण समजण्यासारखी आहे. हिब्रू विलापस्तोत्रांना बहुतेकदा एक वळण असतं. १३वं स्तोत्र घ्या. वचनं जेमतेम सहा. सुरुवातीच्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि शेवटी कवी गाऊ लागतो. उपदेशाला असा उतार आयताच मिळतो. ८८व्या स्तोत्रात तो नाही. अठरा वचनं होतात, तरी वळण येत नाही.

म्हणून ही कविता विस्कळीत आहे असं मात्र नाही. कवी तीनदा हाक मारतो: पहिल्या, नवव्या आणि तेराव्या वचनात. हिब्रूत तिन्ही वेळा हाकेचं क्रियापद वेगळं आहे. वेळाही बदलतात. आधी दिवस आणि रात्र, मग रोज, मग सकाळ. या तीन हाकांनी कवितेचे तीन भाग पडतात. दहा ते बारा या वचनांत देवाला विचारलेले प्रश्न आहेत. मेलेल्यांना तुझी अद्भुत कामं, तुझी निष्ठा कशी कळणार, असा त्यांचा रोख. हिब्रू कवितेत ओळीचे दोन भाग एकमेकांना जोडून येतात. रॉबर्ट लोथ यांनी १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत या रचनेचे प्रकार पाडले. जेम्स कूगल यांनी १९८१ मध्ये सुधारणा सुचवली: दुसरा भाग पहिल्याची नुसती पुनरुक्ती नसतो, तो पहिल्याला पुढे नेतो. इथे ते स्पष्ट दिसतं. एका वचनात कबरेनंतर विनाशाची जागा येते, पुढच्यात काळोखानंतर विस्मृतीचा देश. काळोखात निदान दिसत नाही एवढंच. विस्मृतीत आठवणारंच कोणी उरत नाही.

आणि मग शेवट. ‘तू दूर केलंस’ हे क्रियापद आठव्या वचनात येतं आणि अठराव्यात पुन्हा येतं. दोन्ही वेळा दूर गेलेली माणसं ओळखीची, जवळची आहेत. अठराव्यात मात्र त्या माणसांना लागूनच एक शब्द उभा आहे, ‘मख्शाख’. काळोख. सहाव्या वचनात याच शब्दाचं अनेकवचन येऊन गेलं आहे. आता तो एकटाच आहे आणि त्याच्यापुढे काही नाही. ओळखीची माणसं काळोखात गेली, की काळोख हीच आता ओळख? दोन्ही अर्थ लागतात, कारण मधे क्रियापद नाही. इंग्रजीला इथे काहीतरी भरावं लागतं. मराठीला नाही. ‘माझं गाव सातारा’ असं आपण ‘आहे’शिवाय रोज बोलतो. म्हणजे ही ओळ मराठीत काळोखावरच थांबवता येते. भाषेची तयारी आहे. घाई उपदेशकाला असते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पहिल्याच वचनात कवी देवाला आपला तारणारा म्हणतो, मग आशा आहेच की! आहे. पण ती संबोधनात आहे, निष्कर्षात नाही. ज्याने दूर लोटलं त्यालाच कवी तीनदा हाक मारतो, आणि उत्तर येत नाही. ही आशा उचलून शेवटी ठेवली की कविताच उलटी होते. कवीची हाक उपदेशकाचं उत्तर बनते.

जुन्या उपासनापद्धतींना हे ठाऊक असावं. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात हे स्तोत्र उत्तम शुक्रवारच्या संध्याकाळी नेमलेलं आहे. कॅथलिक प्रार्थनाक्रमात ते शुक्रवारी रात्री, झोपण्यापूर्वी म्हणतात. पुनरुत्थानाचा रविवार पंचांगात आहेच. तो शुक्रवारच्या कवितेत कोंबावा लागत नाही. काळोखाचा शब्द म्हणायचा आणि दिवा मालवायचा. सकाळ आपल्या वेळेने येते.

मग या स्तोत्रावर उपदेश करायचाच नाही का? करावा. फक्त तयारी करताना आधी एक गोष्ट पाहावी: कविता कुठे थांबते? मग तीन हाका दाखवाव्यात. इतकी कडवट प्रार्थना पवित्र ग्रंथात कोणीही दुरुस्त न करता ठेवली, हे सांगावं. दुःखात बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं, कारण आपलं बोलणं देवासमोर चालतं हे त्याला कळतं. त्यानंतर उपदेशकानेही त्याच शब्दावर थांबावं आणि खाली बसावं.

मावसभावाने मान वर केली होती, ती त्या शेवटच्या शब्दाला.