मोडल खिडकी आणि सरकते पार्श्वपृष्ठ : एक चिकित्सा

संकेतस्थळाचे पान वाचत असता त्यावर एक चौकट उघडते आणि तिला प्रतिसाद दिल्यावाचून मूळ पानाकडे परतता येत नाही. या चौकटीस मोडल खिडकी म्हणतात. ती उघडी असताना मागचे पान बोटासरशी सरकू लागले, तर खिडकीच्या मूळ हेतूलाच बाध येतो. पुण्यात १९७२ साली रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मधील मानवी पडदा येथे आठवतो. ब्राह्मणांची ती रांग पाठ फिरवते तेव्हा मागचे दृश्य आता आपल्यासाठी नाही, हे प्रेक्षकास उमगते. संकेतस्थळावरील पडदा पुष्कळदा केवळ काळवंडतो. त्यामागचा व्यवहार चालूच राहतो.

खिडकीतील मजकूर संपला की ब्राउझर उरलेली सरक मागील पानाकडे सोपवतो, हे या दोषाचे एक कारण. पानास 'ओव्हरफ्लो : हिडन' लावणे हा प्रचलित उपाय होय, आयफोनवरील सफारीत मात्र तो अनेक वर्षे निष्प्रभ ठरत असे. म्हणून 'पोझिशन : फिक्स्ड'ने पान खिळविण्याची युक्ती रूढ झाली. तिच्यामुळे पान माथ्यावर जाते आणि मूळ स्थान नोंदवून ठेवले नसेल, तर खिडकी मिटताच वाचकास आपली ओळ पुन्हा शोधावी लागते. २०२२ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांनी 'डायलॉग' हा घटक स्वीकारला. 'शोमोडल'ने तो उघडल्यास मागील दुवे व कळा निष्क्रिय होतात. सरकणे तेवढे थांबत नाही. 'ओव्हरस्क्रोल-बिहेवियर : कंटेन' हा गुणधर्म पान न खिळविता सरक खिडकीतच अडवतो. प्रस्तुत लेखकास हा मार्ग अधिक संयत वाटतो, जरी काळवंडलेल्या भागावर बोट फिरविल्यास तो पुरा पडत नाही.

तथापि पान खिळले की कार्य संपले, ही समजूत अधिक घातक आहे. पुण्यातील एखादे वयस्क पालक भ्रमणध्वनीवर अक्षरे मोठी करून पाल्याचा प्रवेशअर्ज भरतात, असे समजू. लांबलचक अर्ज खिडकीत कोंबणे मुळातच अनुचित. त्यातून खिडकी पडद्याबाहेर गेलेली, तिला स्वतःची सरक नाही आणि मागचे पान खिळलेले. 'डब्ल्यूसीएजी २.१' या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार पान ४०० टक्के मोठे केले, तरी आशय वा कार्य हरपता कामा नये. येथे मात्र 'सादर करा' ही कळ त्यांच्या दृष्टीसच पडत नाही आणि मुदत टळून जाते.