साच्यातला शत्रू आणि मालेरकोटल्याचा नवाब

गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान १७०८ मध्ये नांदेडला झाले. हुजूर साहिबचा गुरुद्वारा ही या शहराची ओळख आहे. गुरूंच्या चार पुत्रांच्या बलिदानावर हॅरी बवेजा यांनी २०१४ मध्ये ‘चार साहिबजादे’ हा अ‍ॅनिमेशनपट आणला. आपल्या लेखकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. ती घ्यायला हवी, असे आम्हांला वाटते.

गुरूंची भूमिका नटाने करणे शीख परंपरेला मान्य नाही, म्हणून हा चित्रांचा मार्ग. अशी मर्यादा आपल्याला परकी नाही. ‘मुहम्मद : द लास्ट प्रॉफेट’ या २००२ च्या अ‍ॅनिमेशनपटात पैगंबर (स.) पडद्यावर दिसतच नाहीत.

ओम पुरी यांच्या निवेदनाने चित्रपट तोलून धरला आहे. चित्रांची हालचाल मात्र ताठर आहे. लढाईत मोगल शिपाई एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. हा दोष केवळ तांत्रिक नाही. पडद्यावरच्या जालिमाचे नाव आपल्या वडिलांच्या नावासारखे आहे, हे नांदेड-लातूरच्या उर्दू शाळेतल्या मुलाला लगेच कळते. शेजारच्या घरातल्या मुलालाही कळते.

या साच्याला उत्तर परंपरेने आलेल्या कथेतच आहे. १७०४ च्या सुमारास सरहिंदचा फौजदार वजीर खान दोन कोवळ्या साहिबजाद्यांना भिंतीत चिणण्याचा हुकूम देतो. त्याला चिथावतो तो दिवाण सुच्चानंद. भर दरबारात विरोध करतो तो मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहम्मद खान. वैर बापाशी असेल, लेकरांशी नाही, आणि इस्लामला हे मंजूर नाही, ही त्याची भूमिका. माछीवाड्याच्या जंगलातून गुरूंना सुखरूप बाहेर काढणारे नबी खान आणि गनी खान हेही पठाणच.

शीख समाजाने नवाबाचा तो शब्द विसरला नाही. १९४७ मध्ये पंजाब पेटला, तेव्हा मालेरकोटल्याचे मुसलमान सुरक्षित राहिले. अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाने घेतलेली न्यायाची बाजू अशी कामी आली.

म्हणून हा चित्रपट टाळू नये, मुलांना जरूर दाखवावा. मग फळ्यावर तीन नावे लिहावीत : वजीर खान, सुच्चानंद, शेर मुहम्मद खान. कोण कोणत्या धर्माचा, हे आधी विचारावे. जुलमाच्या बाजूने कोण आणि विरोधात कोण, हे नंतर विचारावे. दोन्ही उत्तरे जुळत नाहीत, हे मुलांना आपोआप दिसेल.